दाराखालची फट

बसने करकचून ब्रेक मारला आणि माझा उजवा अंगठा आपोआप खाली दाबला गेला. उभी माणसं एकमेकांवर कोसळली, एका बाईच्या पिशवीतले बटाटे सीटांखालून थेट पुढपर्यंत गडगडत गेले, ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढून कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार केला. मी डाव्या हाताने खांब धरून उभी होते आणि उजव्या हाताकडे बघत होते. हात रिकामा, पण बोटं मुडपलेली, तळव्यात काहीतरी गोल आणि जड असावं तशी, आणि अंगठा त्याच्या डोक्यावर. अंगठ्याने आपलं काम केलं होतं, मला विचारलं नव्हतं. पाठोपाठ मनात आकडा उमटला. एक-पंचवीस-दोन. एक मिनिट, पंचवीस सेकंद, दोन दशांश. तेवीस वर्षांत हा आकडा मी तोंडाने एकदाही उच्चारलेला नाही. बटाटे गोळा करायला दोघंतिघं वाकले, मीही वाकले, हाताला एक लागला तो बाईला दिला. ती म्हणाली, "किती गार आहे हो तुमचा हात." मी म्हणाले, "असतो." मला त्याचं काही वाटलं नाही. मला कशाचंच फारसं काही वाटत नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. एखाद्याचं नाक बसकं असतं, तसं हे माझं आहे. पुढच्या थांब्यावर मी उतरले आणि कामावर गेले.

मी टॅक्सीचे मीटर तपासते. एक लांबलचक पत्र्याची शेड, जमिनीत बसवलेली फिरत्या लोखंडी रुळांची जोडी, टॅक्सीची मागची चाकं त्या रुळांवर चढवायची आणि गाडी जागच्या जागी पळवायची. मी काचेच्या खोलीत बसते. माझ्यासमोर एक तबकडी खरं अंतर दाखवते, टॅक्सीतला मीटर त्याचं म्हणणं दाखवतो, आणि दोघांचं जुळलं की मी मीटरला शिशाचं सील ठोकते. दिवसाला तीस-पस्तीस गाड्या माझ्यासमोर जोरजोरात पळतात आणि कुठेही जात नाहीत. ड्रायव्हर लोक शपथा घेतात. "मॅडम, आईशप्पथ, हात लावला नाही मीटरला." मी मान वर करत नाही. हात लावला की नाही हे तबकडी सांगते, त्यासाठी तुमची आई मध्ये आणायची गरज नाही, असं मी एकदा एकाला म्हणाले होते, तेव्हापासून माझं नाव तिथे 'तबकडीबाई' पडलं आहे. माझ्या हातून गेलेल्या एकाही मीटरबद्दल कधी तक्रार आली नाही. खरं आणि सांगितलेलं यांतला फरक पकडायचं काम माझ्याकडे आहे, आणि मी ते चोख करते, याचं हसू मला कधीकधी येतं, पण ते बाहेरपर्यंत पोचत नाही.

तीनच्या सुमाराला भाची आली. माझ्या भावाची, दादाची मुलगी. मी तिला भिंगरीच म्हणते. लहानपणी घरात हात पसरून गरगर फिरायची, पडेपर्यंत. आता सत्तावीस वर्षांची आहे, गिअर कापायच्या कारखान्यात काम करते, नखांत कायम काळं. ती काचेवर टकटक करून आत आली तेव्हा रुळांवर एक टॅक्सी ठणाणा करत होती.

"आत्या, कामात आहेस?"

"ही उतरू दे, मग बोल."

टॅक्सी उतरली. आवाज गेला तसा तिचा चेहरा नीट दिसला. फार खूश होती. खुशीत ती हुबेहूब दादासारखी दिसते, म्हणजे पूर्वीच्या दादासारखी.

"गाडी तयार झाली. चोवीस तासांचं रेकॉर्ड करायचं, शनिवारी दुपारी बारा वाजता सुटायचं, रविवारी बाराला संपवायचं. बाबांचाच ट्रॅक, बाबांचीच गाडी."

"दातवाल्या डॉक्टरांची गाडी," मी म्हणाले.

"तेच ते. स्वतः किल्ली हातात दिली म्हातारबुवांनी. म्हणाले, तुझ्या बापाचं राहिलेलं तू पुरं कर." ती माझ्या टेबलावर टेकली. "लोक काय म्हणतात तुला माहितीये ना? बाबा कच्चे निघाले. सकाळी गाडीतच कोलमडले, शेवटचा टप्पा दात उपटणाऱ्या माणसाने काढला. वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर बोलतात, आत्या. म्हणून शेवटच्या सकाळी गाडीत मीच बसणार. सात ते साडेनऊ. बाबांचा होता तोच टप्पा. एकदाची तोंडं बंद होतील."

मी म्हणाले, "बरं."

"आणि वेळ तू घ्यायचीस. नाही म्हणायचं नाही. आणि बाबांनाही आण."

तिने खिशातून फोटो काढला. गाडी बाजूने घेतलेली. ठेंगणी, लांब नाकाची, हिरवी. अंगभर जिथे जिथे पत्र्याला पत्रा मिळतो तिथे पांढरी चिकटपट्टी मारलेली. वारा अडकू नये म्हणून मारतात, दोन-तीन किलोमीटरने वेग वाढतो. बॉनेटच्या कडेला, दिव्यांभोवती, डिकीच्या रेषेवर. आणि ड्रायव्हरच्या दाराखाली, आडवी, हातभर लांब. माझं बोट त्या पट्टीवर जाऊन थांबलं.

"ही कशाला?"

"तिथून मरणाचा गार वारा येतो गं पायांवर. तासाभराने पाय आहेत की नाहीत तेच कळेना, म्हणून बंद करून टाकली."

"सायलेन्सर?"

"नवाकोरा. का गं?"

पुढची टॅक्सी रुळांवर चढत होती. ड्रायव्हर हाताने मला खूण करत होता, चालू करू का. मी त्याला मान हलवली आणि आवाज पुन्हा सुरू झाला. तेव्हा सांगायला हवं होतं. आवाजावर ओरडून सांगता आलं असतं, टॅक्सी थांबवून सांगता आलं असतं, तिला हाताला धरून शेडबाहेर नेता आलं असतं. मी तबकडीकडे बघत म्हणाले, "काही नाही, सहज." ती गेली. त्या टॅक्सीचा मीटर किलोमीटरमागे चाळीस मीटर पुढे पळत होता. मी तो परत पाठवला.

तेवीस वर्षांपूर्वी मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि सगळ्या चमूत एकटी बाई. दातांचे डॉक्टर गाडीचे मालक आणि एक ड्रायव्हर. त्यांना सगळे दातवाले म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि ते हसत, कारण त्यांचे दात खरोखरच चांगले होते. दुसरा ड्रायव्हर दादा. गाडी सांभाळणारे उस्ताद, जे कुणाशी बोलत नसत, इंजिनाशी बोलत. आणि वेळ घ्यायला मी, कारण दादा म्हणाला होता, "माझ्या बहिणीइतका थंड हात कुणाचा नाही." वेळ घेणाऱ्याचा हात थंडच लागतो. गाडी रेषेवरून गेली की अंगठा, वाचायचं, लिहायचं, दुसरं घड्याळ तयार ठेवायचं. गाडीकडे बघायचं नाही, गाडीत कोण आहे हे आठवायचं नाही. चार किलोमीटरचा गोल सिमेंटचा ट्रॅक, बाहेरच्या कडेला उंच चढवलेला. चोवीस तास थांबायचं नाही, अडीच-तीन तासांनी फक्त पेट्रोल भरायचं आणि ड्रायव्हर बदलायचा. नियम कडक. सुटायच्या आधी निरीक्षक यादी करायचे: गाडीत काय काय आहे, गाडीला कोण कोण हात लावणार. एकदा झेंडा पडला की यादीतल्याशिवाय कुणाचा हात गाडीला लागला तर रेकॉर्ड बाद. वेळ घेणाऱ्याने तर मुळीच लावायचा नाही. ज्याने मोजायचं त्याने शिवायचं नाही, असं ते निरीक्षक म्हणाले आणि माझ्याकडून सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दादा गाडीत बसला. त्याचा हा चौथा टप्पा. रात्रभर दव पडलं होतं, माझ्या कागदांच्या कडा ओल्या होत्या. उस्ताद दुसऱ्या बाजूला पेट्रोल ओतत होते, दातवाले गाडीतून उतरून कॅनव्हासच्या खुर्चीत पाय लांब करून पडले होते, निरीक्षक उस्तादांच्या हातांवर नजर ठेवून होते. दादाने काच खाली केली आणि मला म्हणाला, "ए, पायाला फार गार वारा लागतोय गं दाराखालून. बधिर झालेत." बस, एवढंच म्हणाला. काही कर असं म्हणाला नाही. गाडी थांबायच्या जागी, पिटच्या कठड्यावर उस्तादांचं चिकटपट्टीचं रीळ पडलं होतं. मी दोन पावलं पुढे गेले, हातभर पट्टी तोडली, वाकले आणि दाराखालच्या फटीवर अंगठ्याने दाबत दाबत चिकटवली. पाच-सहा सेकंद लागले असतील. तेवढं मी मोजलेलं नाही. कुणी बघितलं नाही. दादाने बघितलं. हसला, आणि गेला. मला बरं वाटलं. थंडीत कुणाच्या अंगावर पांघरूण सारावं आणि त्याने ते ओढून घ्यावं, तेव्हा वाटतं तसं बरं.

सायलेन्सरच्या पाइपला दादाच्या पायांखालीच चीर गेली होती हे आम्हाला नंतर कळलं. धूर फळीतून आत येत होता, थोडा थोडा, कदाचित पहाटेपासून. त्या धुराला वास नसतो म्हणतात. दाराखालून येणारा गार वारा तो धूर सोबत घेऊन मागच्या काचेतून बाहेर काढत होता. मी वारा बंद केला.

पण याच्याहून वाईट आहे ते घड्याळातलं. माणसाच्या फेऱ्या सारख्या नसतात. कितीही कसलेला ड्रायव्हर असो, एक-पंचवीस-शून्य, मग एक-पंचवीस-सहा, मग एक-चोवीस-नऊ. कुठे वारा, कुठे खोकला, कुठे मनात काहीतरी येतं. रात्रभर मी त्या आकड्यांवरून गाडीत कोण आहे ते सांगू शकत होते, दातवाले चढावर जरा भितात, दादा उतारावर जरा उंडारतो. नऊनंतर दादाची फेरी एक-पंचवीस-दोन आली. पुढची एक-पंचवीस-दोन. त्याच्या पुढची एक-पंचवीस-दोन. अॅक्सिलरेटरखाली उस्तादांनी बोल्ट लावला होता, पाय पूर्ण दाबला तरी वेग ठरलेला राहावा म्हणून. पाय नुसता टाकून ठेवला आणि चाक नुसतं धरून ठेवलं तर तो गोल ट्रॅक गाडीला आपसूक फिरवतो. अशा नऊ फेऱ्या. नऊ वेळा दशांशाला दशांश. आतला माणूस काहीच करत नाहीये, याचा दुसरा काय अर्थ होतो? वेळ घेणाऱ्याला हे कळायला हवं, आणि जगात त्या क्षणी ते फक्त मलाच कळू शकत होतं, कारण आकडे फक्त माझ्यासमोर होते. उस्तादांनी पलीकडून विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हणाले, "एकदम घड्याळ." आणि त्या नऊ आकड्यांखाली पेन्सिलीने एक रेघ ओढली, कौतुकाने.

साडेनऊच्या आधी पेट्रोलसाठी आत येण्याची पाटी दाखवली. तो आला नाही. पुन्हा दाखवली, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी उस्ताद पाटी घेऊन कठड्यावर चढले आणि ओरडायला लागले, इंजिनाशिवाय कुणाशी तरी ते पहिल्यांदाच बोलत होते. चौथ्यांदा तो आला, पिटच्या पुढे जाऊन थांबला, गाडी ढकलून मागे आणली. आठशे शहाऐंशी फेऱ्या झाल्या होत्या. दार उघडून उस्ताद आणि दातवाले त्याला काखेत धरून बाहेर काढत होते, तोंड लाल, गुलाबी म्हणावं इतकं, आणि ओठांच्या कडेला ओकारी. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. आणि मी, त्याची बहीण, वाकले आणि दाराखालची पट्टी ओरबाडून काढली. चर्र आवाज झाला. तिचा गोळा करून कोटाच्या डाव्या खिशात घातला आणि वरून खिसा थोपटला. धुराचं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ती काढली ते रेकॉर्ड बाद होईल म्हणून. भाऊ जमिनीवर निजवलेला असताना माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती रेकॉर्डची, हे मी कितीही बाजूंनी फिरवून बघितलं तरी तसंच राहतं. दादा जमिनीवर कुशीवर होता, डोळे उघडे, माझ्या दिशेने. ते डोळे काही बघत नाहीयेत असं मी धरून चालले. मग तो उठून बसला, पाणी प्याला, हात हलवून म्हणाला, "जा, जा, थांबू नका." दातवाले गाडीत बसले आणि बारापर्यंत चालवत राहिले. त्यांना काहीही झालं नाही. फट उघडी होती ना.

रेकॉर्ड झालं. नऊशे सत्त्याऐंशी फेऱ्या. प्रमाणपत्राची चौकट दातवाल्यांच्या दवाखान्यात लागली, एक नक्कल आमच्या घरी. दादा आठवडाभर बरा होता, थकलाय म्हणाले, डोकं दुखतं म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात त्याने बुटांची नाडी बांधायला घेतली आणि अर्ध्यात थांबला, तो थांबलाच. मग एकेक करून गोष्टी गेल्या. वहिनी धीराची, तिने सतरा वर्षं केलं. ती गेली तेव्हा मी दादाला माझ्याकडे आणलं. उस्तादांनी चीर शोधून काढली होती. ते म्हणाले, धूर. पण लोक म्हणाले, धूर तर दातवाल्यांनाही होता, तीच गाडी, तीच चीर, ते नाही पडले ते? झालं, दादा कच्चा निघाला. उस्ताद मरेपर्यंत त्या कोड्यात होते. एकदा मला म्हणाले, "तेवढा धूर त्या गाडीत साठायला नको होता, पोरी. काहीतरी राहतंय माझ्या ध्यानात यायचं." मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी भिंगरीला सांगायचं ठरवत होते. फोन बाहेरच्या खोलीत, दादाच्या खुर्चीशेजारी. दादा सकाळचं वर्तमानपत्र उघडून पुन्हा घडी घालतो, उघडतो, घडी घालतो, दिवसातून तीन-चारदा थांबतो आणि विचारतो, "किती झाल्या?" हॉस्पिटलात पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, थोड्याच राहिल्यात, आणि तो शांत झोपला. तेव्हापासून तेच उत्तर. तेवीस वर्षं त्याच्या थोड्याच राहिल्या आहेत. मंगळवारी मी रिसीव्हर उचलला, आकडे फिरवले, भिंगरी म्हणाली, "हं, आत्या?" मी म्हणाले, "सायलेन्सर नीट बघितलास ना?" ती हसली, "अगं तू कधीपासून मेकॅनिक झालीस? नवा आहे, सांगितलं ना." तेव्हाचाही नवाच होता. हे मी म्हणाले नाही. बुधवारी ती सरावाला गेली होती. गुरुवारी मी स्वतःला समजावत बसले, की चीर काही दरवेळी जात नाही. शुक्रवारी समजावणं जमून गेलं, आणि मला शांत झोप लागली. माझ्याबद्दल लोकांना काही सांगायचं असेल तर हे सांगावं, की तिला झोप लागली.

शनिवारी दादाला इस्त्रीचा शर्ट घातला, मी माझा कोट घातला, कोट तोच. ट्रॅकच्या सिमेंटमधून जागोजागी गवत आलं होतं, पण पिटसमोरचा भाग धुऊन काढला होता. दातवाले काठी धरून कठड्याशी उभे, दात अजून सगळे. नवीन निरीक्षकांनी यादी वाचली, मग माझ्या हातात दोन स्टॉपवॉच दिली आणि तेच वाक्य म्हणाले, झेंडा पडल्यावर तुम्ही गाडीला हात लावायचा नाही. मी सही केली. घड्याळं तळव्यात बसली, अंगठा आपल्या जागी गेला. भिंगरी आत बसली होती, हेल्मेट चढवलेलं. सुरुवातही तीच करणार होती, सकाळचा तो टप्पाही. बाराला बारा मिनिटं कमी होती. मला काहीही वाटत नव्हतं. दाराखाली ती पांढरी पट्टी होती आणि मी तिच्याकडे बघत होते, आणि सांगायचं वाक्य कुठून सुरू करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि नाहीच सुचलं तरी चालेल असंही एकीकडे वाटायला लागलं होतं.

दादा माझ्या शेजारून निघाला. कुणाच्या लक्षात आलं नाही, तो असाच उठून कुठेही जातो. गाडीपाशी गेला, हाताने टप चाचपला, मग दाराजवळ उकिडवा बसला. ज्याला बुटाची नाडी बांधता येत नाही त्याने नखाने पट्टीचं टोक शोधलं, उचकटलं, आणि ओढलं. चर्र. हातभर पट्टी निघाली. त्याने दोन्ही तळव्यांत तिचा गोळा केला, उठला, सावकाश माझ्याकडे आला आणि तो गोळा माझ्या कोटाच्या डाव्या खिशात घातला. मग वरून खिसा थोपटला.

त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नाही, ओळख नाही, पुढचं काही विचारायचं आहे असंही नाही. मी कठड्याला टेकले.

"काका, अहो काय हे!" भिंगरीचा मेकॅनिक रीळ घेऊन धावला. "आता? दहा मिनिटं राहिलीत!" तो दाराशी वाकला, पट्टी तोडली.

"तिथे नको," मी म्हणाले.

"मॅडम, गार लागतं त्यांना तिथून."

"लागू दे. भिंगरे, हेल्मेट काढ. मला सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, निरीक्षकांसमोर. पट्टी मी लावली. वारा मी बंद केला. नऊ फेऱ्या सारख्या आल्या आणि मी त्याच्याखाली रेघ ओढली. आणि तुझ्या बापाला बाहेर काढत होते तेव्हा मी पट्टी काढली, रेकॉर्डसाठी. दातवाल्यांना म्हणून काही झालं नाही. आवाज माझा अगदी सरळ होता, मीटरचा आकडा वाचून दाखवताना असतो तसा. दातवाले काठीच्या टोकाने सिमेंटमधलं गवत टोकरत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ते रेकॉर्ड नव्हतंच."

भिंगरीने हेल्मेट मांडीवर घेतलं होतं. "म्हणजे बाबा कच्चे नव्हते."

"नव्हता."

"आणि त्या दिवशी मी फोटो दाखवला. तेव्हा तू सहज म्हणालीस." तिचे ओठ पांढरे पडले होते. "मंगळवारी फोन केलास. आत्ता... आत्ता बाबांनी नसती काढली, तर तू बोलली असतीस?"

ती उत्तराची वाट बघत होती. मला हो म्हणता आलं असतं. तबकडी कुठे होती तिथे?

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिने हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "घड्याळं देऊन टाक. वेळ दुसरं कुणीतरी घेईल." मी दोन्ही घड्याळं निरीक्षकांच्या हातात दिली. ती माझ्या हाताने गरम झाली होती.

बरोबर बाराला झेंडा पडला. मी दादाला घेऊन मागच्या बाकावर बसले होते. अंगठा दाबला गेला, रिकाम्यावरच. गाडी चढाच्या वळणावर गेली, लहान झाली, पलीकडून पुन्हा मोठी होत आली आणि आमच्यासमोरून गेली, दाराखाली फट उघडी, आत तिचे पाय गार पडत असणार. मला वाईट वाटलं. सुरुवातीला मला ते ओळखू आलं नाही, मग कळलं की हे ते आहे, आणि ते थांबत नव्हतं, आणि मी दादाच्या इस्त्रीच्या बाहीला तोंड लावून रडले.

दादा गाडीच्या मागे मान फिरवत होता. ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्याने विचारलं, "किती झाल्या?"

"तुझ्या आठशे शहाऐंशी झाल्या, दादा," मी म्हणाले. "पुढच्या दातवाल्यांनी मारल्या. संपल्या सगळ्या."

त्याने मांडीवरचे हात एकेक करून मोकळे सोडले.

"बऱ्याच झाल्या की," तो म्हणाला.